बारा नंबरच्या चार किल्ल्या

किल्लीकाकांच्या मते माणूस सुटकेस घेऊन येतो तो दोनच कारणांनी. एक तर राहायला, नाहीतर पळून जाताना. नुसतं बघायलाही माणसं येतात हे त्यांना पटायला साठ वर्षं लागली, आणि पटलं तरी आवडलं नाही. त्यांच्या वस्तीत बघण्यासारखं होतं तरी काय? बसचा शेवटचा थांबा, बंद पडलेला काचकारखाना, एक दवाखाना, दोन बेकऱ्या आणि तीन-तीन मजल्यांच्या पन्नासेक इमारती. सगळ्या एकाच कंत्राटदाराने बांधल्यासारख्या दिसत, कारण त्या एकाच कंत्राटदाराने बांधलेल्या होत्या. पूर्वी इथे परका माणूस दिसला तर तो बसमध्ये झोप लागून उतरायचं विसरलेला असे. त्याला परतीची बस दाखवली की वस्तीचं कर्तव्य संपायचं.

मग कुणीतरी कुठेतरी लिहिलं म्हणे, की खरं शहर बघायचं असेल तर शेवटच्या थांब्यावर उतरा. झालं. माणसं उतरू लागली. वाळत घातलेल्या चादरींचे फोटो काढू लागली, बेकरीवाल्याला पाव हातात धरून हसायला सांगू लागली. एका गोऱ्या बाईने तर काकांच्या दुकानातल्या गंजक्या कानशीकडे इतकं प्रेमाने पाहिलं, की काकांनी ती उचलून खणात ठेवली.

दुकान म्हणजे इमारतीच्या जिन्याखालची जागा. उभं राहिलं तर डोकं आपटेल, बसलं तर गुडघे. एक मशीन, एक दिवा, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. अडतीस वर्षं काका तिथे बसून वस्तीच्या किल्ल्या बनवत होते, आणि त्यामुळे त्यांना वाटायचं की वस्ती आपल्याला आतून माहीत आहे. तसं ते खरंही होतं. कोणाच्या मुलाने वेगळी खोली केली, कोणाच्या सुनेने कपाटाला कुलूप लावलं, कोणाचा नवरा रात्री उशिरा येतो म्हणून त्याला वेगळी किल्ली लागली, सगळं त्यांच्या मशीनखालून जायचं. तोंडातून मात्र एक अक्षर जायचं नाही, ही त्यांची ऐट होती.

आता किल्ल्या चौपट झाल्या आणि ओळखीची तोंडं पाव राहिली. एकेका घराच्या चार-चार, पाच-पाच किल्ल्या. घरं पाहुण्यांना द्यायचा धंदा चालवणारी एक कंपनी होती, आणि तिच्याकडे काम करणारी एक मुलगी मोठा गोल चष्मा लावून, फोन कानाला चिकटवून किल्ल्यांची पिशवी आणायची. काका तिला चष्मेवाली म्हणत. इमारतींच्या फाटकांवर तिने आकडे फिरवून उघडायच्या छोट्या पेट्या बसवल्या होत्या. पेटीत किल्ली, किल्लीवर पाहुणा, आणि मालक कुठे तर देव जाणे. काकांच्या इमारतीचा तळमजला गेला, पहिला मजला गेला, दुसऱ्यावरचं अर्धं गेलं. जिन्यावरून सुटकेसची चाकं खडखडली की काका मनातल्या मनात पायऱ्या मोजायचे, आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत तर चढत नाही ना.

कारण तिसरा मजला त्यांचा होता. त्यांचा आणि मास्तरांचा.

मास्तर म्हणजे समोरच्या दारातले भूगोलाचे निवृत्त शिक्षक. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एक भाची होती ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. सगळ्या जगाच्या नद्या तोंडपाठ आणि स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, असा माणूस. काकांपेक्षा आठ वर्षांनी मोठे. काका त्यांना अहोजाहो करायचे, ते काकांना अरेतुरे, आणि गेली तीस वर्षं दर रविवारी सकाळी दोघे दोन दारांच्या मधल्या जागेत स्टूल टाकून पत्ते खेळायचे. मास्तर हरले की म्हणायचे, "तू पिसताना बघतोस." काका हरले की तेच म्हणायचे.

आणि दोन्ही दारांना किल्ली एकच होती.

हे काकांचंच काम. तीस वर्षांपूर्वी एक हार्डवेअरचं दुकान बंद होताना त्यांना खोक्यात जुळी कुलपं मिळाली होती, एकाच किल्लीने उघडणारी. त्यांनी एक आपल्या दाराला बसवलं, एक मास्तरांच्या. "मास्तर, तुम्ही किल्ली विसरणार हे नक्की. निदान माझी तरी कामाला येईल." तेव्हापासून तसंच चाललं होतं. काकांची बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. ती आणि काका कामाला गेले की दहाच्या सुमाराला मास्तर काकांचं दार उघडून आत येत, टेबलावरचं वर्तमानपत्र वाचत, शब्दकोडं सोडवत, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत आणि दार ओढून घेऊन जात. काकांना संध्याकाळी सोडवलेलं कोडं आयतं वाचायला मिळायचं. मास्तर आजारी पडले तेव्हा बायको त्याच किल्लीने त्यांच्या घरात जाऊन पेज करून ठेवायची. आपल्या धंद्याच्या विरुद्ध जाऊन केलेलं हे एकच काम, असं काका म्हणायचे, आणि म्हणताना खूश दिसायचे.

दुसऱ्या मजल्यावरचं पहिलं घर कंपनीकडे गेलं तेव्हा दोघांनी पत्ते खाली ठेवून एकमेकांना शब्द दिला होता. आपण द्यायचं नाही. कोणी कितीही गोड बोललं तरी तिसऱ्या मजल्यावर सुटकेस चढू द्यायची नाही.

तर एका गुरुवारी दुपारी चष्मेवाली आली आणि तिने सहा किल्ल्या काउंटरवर ओतल्या. प्रत्येकीला नंबराचा बिल्ला. "काका, प्रत्येकीच्या चार. संध्याकाळपर्यंत होतील ना?"

"ठेवा," काका म्हणाले आणि एकेक उचलून बघू लागले. पाचव्या किल्लीवर त्यांचा अंगठा थांबला.

काकांची एक सवय होती, जी त्यांनी धंदा शिकवणाऱ्या उस्तादांकडून उचलली होती आणि बायकोशिवाय कोणाला सांगितली नव्हती. किल्ली बनवली की तिच्या मानेवर कानशीने बारीकशी खूण करायची, प्रत्येक घराची निराळी. हरवलेली किल्ली परत आली तर कोणाची ते न विचारता कळावं म्हणून. ह्या किल्लीच्या मानेवर दोन रेघा होत्या आणि एक टिंब. अशी खूण केलेल्या किल्ल्या जगात चारच होत्या. एक ह्या क्षणी त्यांच्या खिशात होती, मास्तरांच्या बायकोची त्यांनी ती गेल्यावर स्वतःच्या खणात ठेवली होती. उरल्या दोन, एक बायकोची आणि एक मास्तरांची.

काकांच्या मनात पाल चुकचुकली, आणि एकदाच चुकचुकून थांबली नाही.

"ही बारा नंबर म्हणजे कुठलं घर?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"तो आमच्या फोनमधला नंबर असतो काका. दारावर लिहिलेला नसतो."

"पण मालक कोण?"

"मालकांची नावं आम्ही कोणाला सांगत नाही." ती गोड हसली. "तुम्हीसुद्धा तेच म्हणता ना, तोंडातून अक्षर जात नाही म्हणून?"

आपलंच वाक्य आपल्यावर उलटलेलं ऐकून काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती गेल्यावर ते बराच वेळ ती किल्ली हातात घेऊन बसले. नाही म्हणावं तर जो कोणी आहे तो सावध होईल. वाकडी बनवावी, आत जाईल पण फिरणार नाही अशी, हेही मनात आलं. एक कोरी किल्ली मशीनवर चढवून त्यांनी ठरवलंही तसं. पण अडतीस वर्षांचा हात. मन वाकडं गेलं तरी हात सरळच चालला. संध्याकाळी चार किल्ल्या तयार झाल्या, एकीसारखी एक, तंतोतंत. त्यांनी सवयीने चारींच्या मानेवर दोन रेघा आणि एक टिंबसुद्धा केलं, आणि मग स्वतःवरच चिडले.

घरी आले ते थेट दारामागच्या आकड्याकडे बघत. बायकोची किल्ली तिथे अडकवलेली असायची, लाल दोरा बांधलेली. आकडा रिकामा होता.

"अगं, तुझी किल्ली कुठाय?"

"असेल पिशवीत," ती भांड्यांकडे तोंड करून म्हणाली.

"बघू."

"आत्ता कशाला? बाहेर जायचंय का कुठे?"

साधा प्रश्न, पण ती मागे वळून बोलली नाही, हे काकांनी टिपलं. मग त्यांना आठवलं, दोन महिन्यांपूर्वी ती सहज म्हणाली होती, "पुढची खोली आपणही कोणाला दिली तर? तेवढीच माणसांची ये-जा." तेव्हा त्यांनी हसून सोडून दिलं होतं. आता ते वाक्य त्यांनी पुन्हा उचललं आणि उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिलं. माणसाला संशय आला की जुन्या बोलण्यातही नव्या खाचा दिसायला लागतात. आणि काकांचा तर खाचा बघण्याचाच धंदा.

रविवारी पत्ते मांडले. मास्तर त्या दिवशी धड खेळतच नव्हते. दोनदा चुकीचं पान टाकलं, एकदा आपली पाळी विसरले. त्यांच्या उघड्या दारातून काकांना आत पुस्तकांचे दोन ढीग दिसले, सुतळीने बांधलेले.

"पुस्तकं कुठे निघाली?"

"धूळ फार होते रे. खोकला येतो. शाळेला देऊन टाकतोय."

"परवा त्या चष्मेवालीशी बोलत होता म्हणे जिन्यात."

"ती विचारत होती, काचकारखाना कोणत्या साली बंद पडला. पाहुण्यांना सांगायचं असतं त्यांना." मास्तर खुलले. "मी तिला सगळं सांगितलं, नदीची वाळू कशी यायची इथपर्यंत. कोणीतरी विचारलं बघ बऱ्याच दिवसांनी."

काकांनी पान टाकलं आणि नजर वर न करता विचारलं, "किल्ली आहे ना हो तुमच्याकडे तुमची?"

मास्तरांचा हात चटकन खिशावर गेला. जरा जास्तच चटकन. "आहे की. ही काय." त्यांनी किल्ली काढून दाखवली आणि लगेच परत टाकली. पण काकांना तेवढं पुरेसं होतं. किल्लीच्या भोकात लाल दोऱ्याचा एक तंतू अडकलेला होता.

बायकोची किल्ली. मास्तरांच्या खिशात!

काकांनी त्या दिवशी सलग तीन डाव जिंकले आणि एकाही डावाचा त्यांना आनंद झाला नाही. डोक्यात सगळा हिशोब लागला होता. मास्तरांनी आपली किल्ली कंपनीला दिली. ते उघडकीला येऊ नये म्हणून काकांच्या बायकोची घेतली. आणि तिने दिली, म्हणजे तिलाही ठाऊक आहे. दोघं मिळून ताकास तूर लागू देत नाहीत. त्यात वर, मास्तरांच्या किल्लीने आपलंही दार उघडतं! उद्या कोणी उडाणटप्पू चुकून डावीकडे वळण्याऐवजी उजवीकडे वळला, तर तो आपल्या बिछान्यावर बूट घालून झोपेल. तीस वर्षं ज्याच्याबरोबर पत्ते खेळलो त्याने एवढाही विचार करू नये?

सरळ विचारावं, हे सुचलं नाही असं नाही. पण विचारलं आणि त्यांनी हो म्हटलं तर? ते ऐकायची काकांची तयारी नव्हती. त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीला ते हुशारी म्हणत होते.

सोमवारी दुकान बंद असायचं आणि बायको दवाखान्यात. मास्तर कोडं सोडवून आपल्या घरी जातील एवढा वेळ काका कोपऱ्यावरच्या बेकरीत थांबले. मग वर येऊन त्यांनी पाय न वाजवता आपल्या दाराचं कुलूप काढलं आणि नवं बसवलं. जुन्याच रंगाचं, जुन्याच घडणीचं, मुद्दाम शोधून आणलेलं. तीस वर्षांचे स्क्रू निघताना कुरकुरले. समोरच्या दाराआड मास्तर खोकले तेव्हा काका स्वतःच्याच दाराशी चोरासारखे थबकले.

"जुनं अडकायला लागलं होतं," संध्याकाळी ते बायकोला म्हणाले आणि नवी किल्ली पुढे केली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. जुनी किल्ली कोणी मागितली नाही म्हणून असेल, असं काकांनी धरलं, आणि तेवढं बरोबर होतं.

"मास्तरांनाही द्या हं एक."

"दिली."

"कधी?"

"दिली म्हणतो ना."

बायकोशी ते खोटं बोलत नसत असं नाही, पण ही 'दिली' त्यांच्या मनात अडकून राहिली.

मंगळवारी संध्याकाळी वर्तमानपत्र टेबलावर जसंच्या तसं होतं. कोडं कोरं. बुधवारीही कोरं. तोंड दाखवायला लाज वाटत असेल, काका मनाशी म्हणाले. गुरुवारी दार उघडताना त्यांच्या बोटांना तेल लागलं. वाकून पाहिलं तर कुलपाच्या भोकातून तेलाचा ओघळ दारावर उतरला होता. कोणीतरी कुलूप उघडायचा प्रयत्न केला होता! काकांची खात्रीच पटली. त्यांनी आतून कडी घातली, खिडक्या तपासल्या आणि बायकोला म्हणाले, "बघितलंस? नवं कुलूप बसवलं म्हणून वाचलो." कुंड्यांतली माती सुकून तडकली होती, तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. जिन्यात मास्तर एकदाच भेटले. "काय रे," एवढंच म्हणाले आणि कठडा धरून खाली गेले. काकांना वाटलं, हा माणूस बघता बघता म्हातारा झाला, आणि लगेच वाटलं, पापाने झाला असेल.

शनिवारी सकाळी चष्मेवाली आली ती वादळासारखी.

"काका, तुम्ही मला तोंडावर पाडलं! बाराचे पाहुणे तासभर सुटकेसवर बसलेत. चारपैकी एकही किल्ली लागत नाही."

"माझी किल्ली लागत नाही असं होत नाही," काका म्हणाले.

"चला, दाखवते."

काकांनी दुकान तसंच टाकलं. आता ही तिसऱ्या मजल्यावर नेईल, मास्तरांच्या दाराशी उभी करेल, आणि मग बघू कोण काय बोलतं ते. पण ती जिना चढलीच नाही. फाटकातून बाहेर पडली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एका दारापुढे थांबली. तिथे दोन तरुण पाहुणे खरोखरच सुटकेसवर बसून केळी खात होते.

"हे बारा?"

"हेच बारा."

काकांनी कुलपाकडे एकदाच पाहिलं. ते त्यांनीच बसवलेलं होतं, नळ दुरुस्त करणाऱ्याच्या बहिणीच्या घराला. ह्याची खूण तीन टिंबं. दोन रेघा आणि एका टिंबाचा ह्या दाराशी जन्मात संबंध नव्हता.

"तुम्ही दिलेली किल्ली ह्या घराची नाहीच," ते हळूच म्हणाले. "कुठून आणली होती?"

"बाराच्या पेटीतूनच. आधीच्या पाहुण्यांनी एक किल्ली नेली, ही उरलेली असेल असं—" ती थांबली, फोनवर बोटं सरकवू लागली, आणि तिचा चेहरा उतरला. "अय्या. आधी इथे आजी-आजोबा राहिले होते ना, त्यांचा निरोप आहे. मी वाचलाच नव्हता. म्हणतात, समोरच्या, म्हणजे तुमच्या, इमारतीचा जिना बघायला गेलो होतो, तिथे पायरीवर किल्ली पडलेली मिळाली. कोणाची तरी अडचण होईल म्हणून आठवणीने पेटीत ठेवली." तिने वर पाहिलं. "कोणाची तरी हरवलेली असणार काका. तुम्हाला कळेल का कोणाची ते?"

काकांनी पाचही किल्ल्या तिच्या हातातून घेतल्या आणि खिशात टाकल्या. "कळेल," ते म्हणाले.

दुकानात जाऊन त्यांनी सगळ्यात आधी बायकोला दवाखान्यात फोन लावला. असा फोन ते कधी करत नसत, त्यामुळे ती आधी घाबरली आणि मग सगळं बोलून गेली. "अहो, मास्तरांची किल्ली हरवली हो. फार मनाला लावून घेतलं त्यांनी. म्हणाले, वहिनी, विसरायला होतंय मला आताशा, पण तुमच्या नवऱ्याला सांगू नका. तीस वर्षांत एकदाही हरवली नाही म्हणून मी त्याला ऐकवत आलोय, आता तो हसेल मला. म्हणून मी माझी देऊन ठेवली. पण आता त्याचं काय? तुम्ही नवी दिलीत ना त्यांना?"

काकांनी फोन ठेवला.

त्यांना स्वतःचीच शिसारी आली. किल्लीवाल्याच्या मित्राला किल्ली हरवल्याची लाज वाटावी, आणि किल्लीवाल्याला ते सोडून जगातलं सगळं सुचावं! त्यांनी मशीन सुरू केलं. नव्या कुलपाची एक किल्ली बनवली, आयुष्यात बनवली नव्हती इतक्या काळजीने, कडा दोनदा घासून. मानेवर दोन रेघा केल्या आणि एक टिंब दिलं. तीन जिने ते पोरासारखे चढले. काय म्हणायचं तेही ठरलं होतं. म्हणायचं, मास्तर, मी पिसताना पाहिलं.

मास्तरांचं दार सताड उघडं होतं. भिंतीवरचा जगाचा नकाशा काढलेला होता आणि त्या जागी भिंत नवी कोरी दिसत होती. पुस्तकांचे ढीग दोनाचे नऊ झाले होते. मास्तर खुर्चीवर बसून एका खोक्यावर भाचीचा पत्ता लिहीत होते.

"ये," ते म्हणाले. "बरं झालं आलास. तुझ्या बायकोची किल्ली माझ्याकडे राहिलीय, ती द्यायची होती. तशी आता ती कुठे लागत नाही म्हणा, पण तिची तिला."

"मास्तर, हे काय?"

"काल कंपनीच्या कागदावर सही केली. भाची कधीची बोलावतेय."

काकांनी तिथेच खोक्यावर बसून सगळं सांगितलं. खूण, बारा नंबर, लाल दोरा, कुलूप. एक शब्द गाळला नाही. मास्तर ऐकत होते, मधूनच मान हलवत होते, वर्गात उशिरा का होईना उत्तर देणाऱ्या मुलाचं ऐकावं तसे.

"मंगळवारी वाटलं कुलूप अडकलंय," शेवटी ते म्हणाले. "बुधवारी वाटलं माझाच हात चुकतोय. नाहीतरी आताशा चुकतो. गुरुवारी तेल घालून पाहिलं. मग शुक्रवारी चष्मा लावून गेलो, तर कुलूपच नवं. दिसायला तसंच. मी बराच वेळ उभा होतो रे तुझ्या दारापुढे. म्हटलं, मी विसरायला लागलोय हे ह्याला कळलं असणार. म्हाताऱ्याने एक दिवस गॅस उघडा टाकला, दार उघडं टाकलं तर, असं आलं असेल ह्याच्या मनात. बरोबरच आहे म्हटलं. पण मग इथे राहायचं कोणासाठी? तसाच खाली गेलो, ती मुलगी फाटकात भेटली."

"सही मागे घेता येते. मी बोलतो तिच्याशी. आत्ता बोलतो."

"येत असेल." मास्तर खोक्यावरचा पत्ता पुन्हा गिरवू लागले. "पण मला त्या दारापुढे परत उभं राहायला नको वाटतं."

काकांनी नवी किल्ली पुढे केली. मास्तरांनी ती घेतली, मानेवरची खूण अंगठ्याने चाचपली, "छान झालीय," म्हणाले आणि काकांच्याच हातात परत ठेवली.

जिन्यावर पावलं वाजली. चष्मेवाली दारात आली, काकांना बघून ओशाळली आणि मग कामाचं आठवून म्हणाली, "बरं झालं तुम्ही इथेच आहात. मास्तर, संध्याकाळी तुम्ही निघालात की मला इथल्या चार किल्ल्या लागतील. उद्या सकाळी पाहुणे येतायत. काका, आज होतील का हो?"

काकांचा हात आपोआप खिशावर गेला होता, मास्तरांचा रविवारी गेला होता तसा. मास्तरांनी ते पाहिलं. आधी त्यांना कळलं नाही, मग कळलं, आणि आठवडाभरात पहिल्यांदाच ते हसले.

"थांबायला नको मुली," ते म्हणाले. "ह्याच्याकडे तयार आहेत. दे रे तिला."

काकांनी चार किल्ल्या काढून दिल्या. चष्मेवालीने दार ओढून घेतलं, पहिलीच किल्ली घातली आणि बाहेरून फिरवली. जराही अडखळली नाही. दाराच्या आत दोघं म्हातारे ऐकत होते. तिने चारही लावून पाहिल्या, एकेक करून, आणि चारही वेळा कुलूप अगदी अलगद उघडलं.

"काका," बाहेरून तिचा खुशीतला आवाज आला, "ह्या मात्र एकदम परफेक्ट झाल्यात!"